वहिनी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष झाल्या, आता घरच्यांनी नेमकी काय मदत करायची?

चोपड्याचा झेरॉक्सवाला

रामराम मंडळी. जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा.

आमच्या गावात (चोपडा तालुका, गावाचं नाव लिहीत नाही) जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. पट ८४. जुन्या समितीची दोन वर्षं संपली म्हणून पालकसभा बोलावली आणि नवीन समिती बसवली. सभेत कुणीतरी म्हणालं, यावेळी अध्यक्ष बाई करू. माझ्या वहिनींचं नाव पहिल्यांदा कोण बोललं ते अजून कळलेलं नाही. हात वर झाले, टाळ्या झाल्या आणि वहिनी अध्यक्ष होऊनच घरी आल्या.

वहिनी सातवी शिकलेल्या. वाचता येतं, पण सरकारी मराठी पुढे आलं की दुसऱ्या ओळीवर थांबतात. हिशोब मात्र सगळा तोंडपाठ. कापूस वेचणीला बायकांची टोळी त्याच घेऊन जातात. कुणी किती किलो वेचलं, कुणाची उचल किती, कुणाचे मागच्या आठवड्याचे राहिले, हे त्यांना वहीशिवाय सांगता येतं. मी गावात झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पीकविमा असलं दुकान चालवतो. त्यामुळे घरात सगळ्यांनी गृहीत धरलंय की कागदाचं काम आलं म्हणजे ते माझं. दादा तर सरळ म्हणतो, "तिले काय समजस त्यातलं? मीटिंगला मी जातो, नाहीतर तू जा."

गेल्या आठवड्यात दिवेलागणीला मोठे सर (मुख्याध्यापक) स्वतः घरी आले. माणूस वाईट नाही, पोरांना मन लावून शिकवतात. इतिवृत्ताची, म्हणजे बैठकीच्या नोंदीची वही उघडली, पानाच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं, म्हणाले, "ताई, इथं एक सही." वहिनी चुलीपुढून हात पुसत आल्या आणि सही केली. वर काय लिहिलंय ते मी वाचलं, त्यांनी नाही. "सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर" असं होतं. चर्चा कधी झाली, कुठं झाली, वहिनींना पत्ता नाही.

बाकीच्या सदस्यांचंही तेच. एक भिल्ल वस्तीतली बाई आहे, ती अंगठा करते. एक पिकअप चालवणारा पोरगा आहे, तो दिवसभर केळीच्या गाड्यांवर. दोघं-तिघं शेतमजूर. सगळे दुकानावर येऊन मलाच विचारतात, "भो, आपण करायचं काय असतं?" मला तरी कुठं माहीत? पंचायत समितीतून प्रशिक्षण होईल असं सर म्हणाले, कधी ते सांगितलं नाही.

तर या लोकांना उभं करायला काय करावं लागेल? कोणते कागद आधी दाखवावेत? पैशाचं काय असतं? आणि मुख्य म्हणजे, मदत करता करता मीच अध्यक्ष होऊन बसू नये यासाठी काय करू? आमच्याकडे सरपंचबाईंच्या मिस्टरांना लोक सरपंच म्हणतात, बाईंना कुणी म्हणत नाही. तो प्रकार मला घरात नको आहे.

निवृत्त केंद्रप्रमुख, जळगाव

शेवटच्या परिच्छेदासाठी तुम्हाला नमस्कार. बाकीचं सगळं शिकवता येतं, ते शिकवता येत नाही.

आधी कायदा थोडक्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ या समितीचं मूळ आहे. सदस्यांत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. आपल्या राज्यात बारा ते सोळा सदस्य, अध्यक्ष पालकांतूनच, आणि मुख्याध्यापक हे सदस्य-सचिव. उरलेल्यांत ग्रामपंचायतीचा एक, शिक्षकांचा एक आणि गावातला एखादा शिक्षणाची जाण असलेला. मुदत दोन वर्षं, बैठक महिन्यातून निदान एक. कामं तीन: शाळा कशी चालते ते पाहणं, शाळा विकास आराखडा करणं, आलेल्या अनुदानाचा खर्च कसा झाला ते पाहणं. शिक्षक वेळेवर येतात का हे विचारणं त्यात येतं. शिक्षकाची बदली करणं, त्याला निलंबित करणं हे येत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर कुणीतरी उत्साही सदस्य पहिल्याच बैठकीत गुरुजींना घरी पाठवायचा ठराव मांडतो आणि पुढची दोन वर्षं वाया जातात. असे ठराव मी डोळ्यांनी पाहिलेत.

आता प्रशिक्षण. ते होतं, पुस्तिकाही मिळते. पण मजुरी बुडवून तालुक्याला किंवा केंद्रशाळेत जायचं, पंख्याखाली बसून भाषण ऐकायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. बाईच्या हाती काय राहतं? मी स्वतः असली प्रशिक्षणं घेतली आहेत म्हणून बोलतो. खरं प्रशिक्षण तुमच्याच शाळेच्या व्हरांड्यात, तुमच्याच शाळेच्या वह्या समोर ठेवून होतं.

वह्या तीन. पहिली इतिवृत्ताची. मागच्या समितीच्या दोन वर्षांतले ठराव कुणीतरी मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. अर्ध्या संध्याकाळी कळतं की या गावात काय काय ठरलं आणि त्यातलं काय झालंच नाही. दुसरी कॅशबुक, सोबत पावत्यांची फाईल आणि बँकेचं पासबुक. तिसरी पोषण आहाराची साठा नोंदवही.

पैशाचं विचारलंत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं, ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,००० आणि त्याच्या वर एक लाख. तुमचा पट ८४, म्हणजे तुमचे २५,०००. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं उरलेल्यात. म्हणजे फार नाही हो. वर्षभराचे पंचवीस हजार आणि त्यात लाईटबिल. समिती झाली म्हणजे शाळेत पैशांची खाण सापडली असं ज्यांना वाटतं त्यांना हा आकडा आधी सांगावा, भांडणं आपोआप कमी होतात.

वहिनींचा हिशोब तोंडपाठ आहे म्हणता, मग सुरुवात तांदळापासून करा. पहिली ते पाचवीला मुलामागे रोजचा १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. आज ७० पोरं जेवली तर ७ किलो गेला पाहिजे. पोती किती आली, किती उरली. हे गणित त्या नोंदवही न उघडता करतील, आणि मग नोंदवही उघडायला स्वतःच मागतील.

भुसावळ जंक्शन

एवढं लांब लिहून काही उपयोग नाही. सगळ्या समित्या कागदावर असतात. साहेब तपासणीला आले की सह्या गोळा होतात, बस्स. आमच्याकडे तर एक सदस्य वारले तरी वर्षभर हजर होते.

निवृत्त केंद्रप्रमुख, जळगाव

भुसावळकर, वारलेल्याची हजेरी लागते कारण जिवंत असलेले वही वाचत नाहीत. मी तेच लिहिलंय.

पारोळ्याची अक्का

मी मागच्या मुदतीत आमच्या शाळेची अध्यक्ष होते. पोरगी टाईप करतेय, मी सांगतेय. चुकलं तर तिला बोला.

भाऊ, तुझ्या वहिनीला पहिली गोष्ट शिकव: सही लगेच करायची नाही. सरांनी वही पुढे केली की मी म्हणायची, "सर, आधी हाई वाची दाखाडा, मंग सही करसू." एवढंच वाक्य. त्यात भांडण नाही, संशय नाही. सर वाचून दाखवायचे. पहिल्या वेळी भरभर वाचलं. मी म्हटलं, माले समजनं नही, परत वाचा. दुसऱ्यांदा सावकाश वाचलं. पुढे पुढे तर सर आधीच सोपं लिहायला लागले, कारण परत परत वाचायचा त्यांनाच कंटाळा यायचा.

दुसरी गोष्ट खुर्चीची. पहिल्या बैठकीला आमचे मालक माझ्यासोबत आले आणि सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मी पोरांच्या पट्टीवर, बाकी बायकांसोबत. सर सगळं त्यांच्याकडे बघून बोलत होते. मी घरी आल्यावर भांडले नाही. पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी गेले आणि त्या खुर्चीवर बसून घेतलं. मालक आले, उभे राहिले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, मी गुरांकडे जातो. तेव्हापासून आले नाहीत. तुझ्या दादालाही असंच काहीतरी काम काढून दे. भाषण देऊन तो ऐकायचा नाही.

आणि वेळ बघ. बैठक दुपारी बाराला ठेवली की बाई येणार नाही, तिची मजुरी जाते. मग कोरम नाही म्हणून सह्या घरोघर. हा सगळा खेळ वेळेतच आहे. आम्ही सरांना सांगून संध्याकाळी ठेवली, बायका शेतातून आल्यावर, भाकरी टाकायच्या आधी. कानबाईच्या रविवार-सोमवारी ठेवू नका, आखाजीच्या आठवड्यात ठेवू नका, तेव्हा अर्ध्या बायका माहेरी असतात.

आमचं पहिलं काम संडासाचं होतं. मुलींचा संडास बांधलेला होता, पण त्याला कुलूप. किल्ली कपाटात. का, तर घाण होते. मोठ्या पोरी दुपारी घरी निघून यायच्या त्या परत शाळेत जायच्याच नाहीत, आणि गुरुजी वहीत लिहायचे "अनियमित". एकाही पुरुष सदस्याने हे दोन वर्षांत बैठकीत काढलं नव्हतं. त्यांना माहीत असणार कसं? आम्ही चौघी बायकांनी शाळा सुटायच्या वेळी जाऊन बघितलं, पाणी नव्हतं म्हणून घाण होत होती. अनुदानातून टाकीपासून नळी टाकली आणि कुलूप काढलं. ठराव आधी झाला, मग काम, मग पावती सगळ्यांनी पाहिली.

त्या अंगठेवाल्या बाईला सोडू नको. तिची पोरं शाळेत येतात की नाही, का येत नाहीत, हे गुरुजींपेक्षा तिला जास्त माहीत असेल.

शिरपूरची बाई (शिक्षिका)

अक्कांचा प्रतिसाद वाचून मजा आली, आणि आमच्या मुख्याध्यापकांची आठवणही आली. आता जरा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने.

मी दोनशिक्षकी शाळेवर आहे आणि प्रभारी मुख्याध्यापक मीच. यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरायचं, पोरांचे अपार आयडी (ओळख क्रमांक) काढायचे, आधार जुळत नाही म्हणून पालकांना परत पाठवायचं, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन माहिती, त्यात बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम. वही घेऊन संध्याकाळी घरोघर फिरणारा मुख्याध्यापक प्रत्येक वेळी काही लपवतोच असं नाही. पुष्कळदा त्याला उद्या केंद्रावर कागद द्यायचा असतो, एवढंच. झेरॉक्सवाले भाऊ, तुमचे सर चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तर सुरुवात त्यांच्यापासून करा. समितीला बळ द्यायचं म्हणजे सरांच्या विरोधात फौज उभी करायची, असं सदस्यांना वाटलं की संपलं. आमच्याकडे एक नवीन सदस्य पहिल्याच आठवड्यात मोबाईल चालू ठेवून वर्गात शिरला. पोरं घाबरली, माझा आवाज चढला आणि त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. त्या वर्षी समितीकडून एकही काम झालं नाही.

माझा एक उपाय सांगते. बैठकीच्या चार दिवस आधी मी समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आवाजी निरोप टाकते, लेखी सूचना वेगळी. अहिराणीत बोलते. "यावेळी तीन विषय: कंपाउंडची भिंत, तांदळाचं पोतं भिजलं ते आणि पाचवीच्या पोरांचे दाखले." वाचता न येणाऱ्या बाईलाही विषय आधी कळतो, ती घरी बोलते, शेजारणीला विचारते आणि येताना काहीतरी मत घेऊन येते. आधी बैठकीत मीच बोलायचे आणि बाकीचे माना हलवायचे.

समितीने आमच्यासाठी काय करावं तेही लिहिते, कारण ते कुणी सांगत नाही. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की वर्ग अर्धा रिकामा होतो. मी घरोघर गेले तर "हो बाई, उद्या पाठवतो" म्हणतात, आणि उद्या पोर शेतातच. तेच वेचणीची टोळी नेणाऱ्या बाईने सांगितलं तर? तुमच्या वहिनी टोळी नेतात ना? त्यांनी नुसतं म्हणावं की माझ्या टोळीत शाळेतलं पोर चालणार नाही. असा अधिकार कोणत्याही शासन निर्णयाने मला मिळणार नाही.

चोपड्याचा झेरॉक्सवाला

बाई, हे वहिनींना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण टोळीत कुणाकुणाची पोरं येतात ती नावं मोजायला लागल्या. त्यात आमच्या चुलत घरातलं एक निघालं, ते वेगळं प्रकरण आहे.

अक्का, खुर्चीची गोष्ट दादाच्या समोरच वाचली. तो हसला आणि म्हणाला, मी गुरं विकलीत.

धडगावकर

आमच्या इकडचं चित्र जरा वेगळं आहे म्हणून लिहितो. सातपुड्यात पाड्यांवर शाळा, पोरं पावरी किंवा भिलोरी बोलतात, गुरुजी बरेचदा खालून आलेले, आणि इतिवृत्त अशा मराठीत की मला बी.ए. होऊनही दोनदा वाचावं लागतं. आमच्या पाड्यावर बैठक पावरीतच होते. बोलणं होऊ द्यायचं, शेवटी एकाने काय ठरलं ते मराठीत सांगायचं, गुरुजींनी लिहायचं, आणि लिहिलेलं परत पावरीत उलगडून सांगितल्यावरच सह्या आणि अंगठे. वेळ लागतो. पण पहिल्यांदा असं केलं तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं की हे पूर्वीपासून लिहीत होते का? म्हणजे इतकी वर्षं त्याला वाटत होतं की त्या वहीत फक्त हजेरी असते.

दुसरं स्थलांतर. दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. काही होळीला येतात, कारण होळीला नाही आलं तर काय आलं, आणि परत जातात. समितीचे निम्मे सदस्य बाहेर असतील तर बैठक कशाची? म्हणून आम्ही समिती निवडतानाच बघितलं की घरी राहणारेही त्यात असावेत, आणि जाणारेही. जाणाऱ्यांना मुद्दाम ठेवलं. कोणती घरं कधी निघणार हे त्यांना आधी कळतं. पोर सोबत जाणारच असेल तर गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक घ्यायचं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत बसवून घेताना अडत नाही. आजी-आजोबांकडे ठेवणार असेल तर ते नाव बैठकीत लिहून ठेवायचं, म्हणजे त्या घराकडे कुणीतरी बघतं. हे काम वरून कुणी साहेब येऊन करणार नाही.

पटाचंही सांगतो. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारने काढलं तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या शाळेचं उदाहरण दिलं गेलं. तिथं निवासाची सोय आहे. सगळीकडे ती नसते, आणि नाल्यापलीकडची शाळा बंद झाली की पावसाळ्यात सहा वर्षांचं पोर जाणार कुठून? समिती जागी असेल तर निदान तिचं म्हणणं कागदावर येतं. तुमचा पट ८४ आहे, तुम्ही सुखी.

चोपड्याचा झेरॉक्सवाला

मंडळी, बैठक झाली. शाळेच्या व्हरांड्यात, संध्याकाळी. सरांना आधी भेटून सांगितलं होतं, ते म्हणाले, "बरंच झालं, मलाही फिरावं लागणार नाही." शिरपूरच्या बाईंचं म्हणणं खरं निघालं.

मी आत बसलो नाही. दुकान उघडं ठेवून वहिनींना सांगितलं की अडलं तर फोन करा. फोन आला नाही. त्यामुळे पुढचं सगळं वहिनींकडून ऐकलेलं.

पिकअपवाल्या पोराने इतिवृत्त वाचलं. जुन्या समितीचे कंपाउंडच्या भिंतीचे ठराव एकामागे एक निघाले, प्रत्येक वेळी "पाठपुरावा करण्याचे ठरले". कुणी केला ते लिहिलेलं नाही. कॅशबुकात "किरकोळ" असं लिहून एक रक्कम होती. वहिनींनी विचारलं, किरकोळ म्हंजे काय? सरांनी फाईल काढली, आत झाडू, फिनेल, बल्बची पावती होती. सर रागावले नाहीत. पुढच्या वेळेपासून वस्तूंची नावं लिहितो म्हणाले. तांदळाचं गणित वहिनींनी केलं, थोडा फरक आला. स्वयंपाकीण बाई म्हणाल्या, पोतं पूर्ण पन्नास किलोचं कधी भरतच नाही. आता पोतं उतरवताना काट्यावर घालायचं ठरलं. काटा आमच्या शेजारच्या कापूस व्यापाऱ्याचा.

भिल्ल वस्तीतल्या बाई बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "तिसरे गुरुजी कुठं शेतस?" म्हणजे कुठं आहेत, आणि सगळे शांत झाले.

त्याचं असं आहे. आमच्या शाळेला तीन शिक्षक मंजूर आहेत. तिसरे कागदावर आहेत, पगार याच शाळेवर निघतो, पण त्यांना कार्यालयीन कामासाठी दुसरीकडे लावलंय, शाळेत ते येतच नाहीत. पाच वर्ग आणि दोन गुरुजी. मोठे सर म्हणाले, मी वर बोलू शकत नाही, मला तिथंच नोकरी करायची आहे. समितीने बोलावं. तर समितीने बोलायचं म्हणजे काय करायचं? मोर्चा नको, सर अडचणीत येतील असंही नको.

निवृत्त केंद्रप्रमुख, जळगाव

सरांनी तुम्हाला रस्ता दाखवलाय, त्यांचं नाव मधे न आणता चाला.

८४ पटाला तीन शिक्षक हे कायद्यातच आहे. ६१ ते ९० मुलांना तीन, परिशिष्टात लिहिलंय. आणि कलम २७ म्हणतं की शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगर-शैक्षणिक कामाला लावायचं नाही. कार्यालयात टेबल सांभाळणं यात बसत नाही. तुमच्या हातात हे दोन मुद्दे पुरेसे आहेत, तिसरा शोधू नका.

आधी बैठकीत ठराव. त्यात कुणावर आरोप नको, त्या शिक्षकाचं नावही नको. "शाळेचा पट ८४ असून मंजूर तीन शिक्षकांपैकी दोनच प्रत्यक्ष अध्यापन करतात, तिसरे पद प्रत्यक्ष शाळेत उपलब्ध करून द्यावे." बस्स. ठरावाची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज, प्रत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. अर्जावर अध्यक्ष आणि सदस्यांच्या सह्या. आवक शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायचीच, तोंडी "ठेवून द्या" म्हटलं तर हलायचं नाही. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, त्यानंतर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करून ठेवा. धमकी म्हणून नाही, तारीख चालू व्हावी म्हणून.

चोपड्याचा झेरॉक्सवाला

सर, उत्तम. मी आज रात्री अर्ज टाईप करून ठेवतो.

पारोळ्याची अक्का

थांब भाऊ. तू टाईप करू नको. आधी वहिनीला तोंडाने सांगू दे काय लिहायचं ते, तिच्या शब्दांत, आणि ते तसंच लिही. कलमं खाली एका ओळीत घाल. साहेब विचारणार, "ताई, अर्जात काय आहे?" तेव्हा तिला ते सांगता आलं पाहिजे. कलम सत्तावीस आठवत बसली तर साहेब दोन मिनिटांत परत पाठवतील. "पाच वर्गाले दोन गुरुजी कसा पुरतीन, साहेब?" एवढं बोलली तरी साहेबाला उत्तर द्यावं लागेल.

आणि एकटीला पाठवू नको. तिसऱ्या गुरुजींचं विचारणारी ती बाई सोबत पाहिजेच. पिकअपवाल्या पोराला सांग, केळी भरायला चोपड्याकडे गाडी जातच असेल, त्यातच सगळ्या जा. साहेब जागेवर आहेत का ते सकाळी फोन करून विचारून निघा, नाहीतर मजुरी गेली आणि खुर्ची रिकामी. पोच मिळाली की इथं कळव.

चोपड्याचा झेरॉक्सवाला

बरं अक्का. वहिनी विचारतायत, अर्ज अहिराणीत चालतो का?

निवृत्त केंद्रप्रमुख, जळगाव

मराठीत द्या, बोला अहिराणीत. साहेब धुळ्याकडचे निघाले तर ते पण अहिराणीतच उत्तर देतील.